बुवाबाजी चालते कशी, आणि तिच्यातून बाहेर कसं पडायचं

वाघोली जून 2021 मध्ये पुणे महानगरपालिकेत आली. त्याच्या कितीतरी आधीपासून नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोसायट्या उभ्या राहत होत्या. खराडीतल्या कंपन्यांत काम करणारे तरुण, मराठवाडा-विदर्भातून आलेली कुटुंबं, दगडखाणींवर राबणारे मजूर असे सगळे इथे राहतात. बहुतेकांचं गाव लांब आहे. सल्ला विचारावा असं वडीलधारं माणूस जवळ नाही आणि घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. अशा घरावर संकट आलं की माणूस एकटा पडतो, आणि बुवाबाजीला असाच एकटा पडलेला माणूस लागतो.

बुवाबाजी म्हणजे अंगी दैवी शक्ती असल्याचा दावा करून दुसऱ्याच्या दुःखातून पैसा, सत्ता किंवा शरीरसुख मिळवणं. ती कोणा एका धर्मापुरती नाही. मांत्रिकाची गादी असो, बाबाचा दरबार असो की चंगाई सभा, कामाची पद्धत जवळपास सारखीच असते.

वाघेश्वराच्या दर्शनाला जाणं, आळंदीची वारी करणं, घरी पूजा, नमाज किंवा प्रार्थना करणं यांतलं काहीही बुवाबाजी नाही. देवापुढे बसून मन शांत होत असेल तर ते चांगलंच आहे. गडबड सुरू होते ती देव आणि आपण यांच्यामध्ये एखादा माणूस उभा राहून भीती विकू लागतो तेव्हा. हे कसं घडतं, ते आपण एकेका पायरीने पाहू.

पायरी पहिली: ओळखीच्या माणसाचा शब्द

बुवाकडे सहसा कोणी जाहिरात पाहून जात नाही. घरात बरं न होणारं दुखणं असतं, मूल होत नसतं, लग्न जमत नसतं, धंदा बसलेला असतो किंवा कोर्टकज्जा चालू असतो. अशा वेळी कामावरचा सहकारी किंवा शेजारीण म्हणते, "एकदा जाऊन तर या, आमचं काम झालं." सांगणारं माणूस बहुधा प्रामाणिक असतं, म्हणून आपला विश्वास बसतो.

चूक होते ती इथे. आपण विचारतो, "ते बाबा चांगले आहेत का?" विचारायला हवं ते वेगळंच: "माझी अडचण नेमकी कुठल्या प्रकारची आहे, आणि ती सोडवण्याचं शिक्षण कोणाकडे आहे?" दुखणं असेल तर डॉक्टर, कर्ज असेल तर बँक, कज्जा असेल तर वकील. पहिल्या भेटीआधी एवढा विचार झाला तर पुढच्या बऱ्याच पायऱ्या टळतात.

पायरी दुसरी: आपली माहिती गोळा होते

दरबारात पोहोचल्यावर बराच वेळ बसवून ठेवतात. शेजारी बसलेला सेवेकरी आपुलकीने बोलतो: गाव कुठलं, घरी कोण कोण, त्रास कधीपासून. आपणही मन मोकळं करतो. थोड्या वेळाने आत गेल्यावर बाबा न विचारता हेच सांगतात आणि आपण थक्क होतो.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. पीटर पोपॉफ हा धर्मोपदेशक मोठ्या सभांमध्ये अनोळखी माणसांची नावं आणि आजार घडाघड सांगायचा. 1986 मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने आणि त्याच्या साथीदारांनी रेडिओलहरी पकडणारं यंत्र लावून त्यामागची युक्ती शोधली. भाविकांनी सभेआधी भरून दिलेल्या चिठ्ठ्यांमधला मजकूर पोपॉफची पत्नी त्याच्या कानातल्या छोट्या यंत्रावर वाचून दाखवत होती. रँडीने हे दूरचित्रवाणीवर सगळ्यांना ऐकवलं. पुढच्याच वर्षी पोपॉफचं दिवाळं निघालं. तरी काही वर्षांनी तो पुन्हा त्याच धंद्यात उतरला आणि त्याला पुन्हा भाविक मिळाले. एकदा उघडं पडलं की ढोंग संपतं, असं आपण समजू नये.

कानातलं यंत्र नसलं तरी काम भागतं. "तुम्ही सगळ्यांसाठी खूप केलंत, पण कोणी जाण ठेवली नाही," हे वाक्य जवळपास कोणालाही लागू पडतं. त्यावर आपला चेहरा कसा बदलतो, ते पाहून पुढचं वाक्य ठरतं. आपल्याला बरोबर निघालेलं तेवढं आठवतं आणि चुकलेलं विसरून जातो.

पायरी तिसरी: चमत्कार

मग काहीतरी डोळ्यांदेखत घडतं. लिंबू कापल्यावर रक्त येतं. सुरीच्या पात्यावर मिथिल ऑरेंज नावाचं रंगद्रव्य लावून वाळवलेलं असतं. लिंबाच्या आंबट रसात ते लाल होतं. पाणी शिंपडताच नारळ पेटतो, कारण त्याच्या शेंडीत सोडियम धातूचा तुकडा दडवलेला असतो आणि सोडियम पाण्याला लागताच पेट घेतो. मंत्राने यज्ञ पेटतो, तेव्हा समिधांमध्ये पोटॅशियम परमँगनेटची पूड असते आणि तूप म्हणून वरून ग्लिसरीन ओतलेलं असतं. 1989 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून हे प्रयोग करून दाखवतात आणि त्यांमागचं रसायन समजावून सांगतात.

प्रत्येक चमत्कारामागे फसवणारा माणूस असतोच असंही नाही. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात म्हणून देशभर रांगा लागल्या. चमचा मूर्तीला टेकवला की दुधाच्या पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो त्या गुणामुळे, दूध कडेवरून ओढलं जाऊन मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळत होतं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळल्यावर तो ओघळ स्पष्ट दिसला. त्या दिवशी रांगेत शिकलेली माणसंही होती. हुशार माणूसही गर्दीबरोबर वाहून जातो, म्हणून फसलेल्याला मूर्ख म्हणू नये.

पायरी चौथी: भीती

चमत्काराने मन तयार झालं की 'निदान' येतं. कोणीतरी करणी केली आहे, घरात बाधा आहे, पितर अडले आहेत. पुष्कळदा बोट जवळच्याच माणसाकडे जातं: जाऊ, भावकी, समोरच्या फ्लॅटमधली बाई. ज्या माणसाने मदत केली असती, त्याच्याशीच बोलणं बंद होतं आणि आपण आणखी एकटे पडतो.

भीती किती खोल जाते हे जटांवरून कळतं. केस नीट विंचरले-धुतले गेले नाहीत की गुंतून त्यांची जट होते. ती देवीने दिली आहे, कापली तर कोप होईल, या धाकाने कित्येक बायका वर्षानुवर्षं डोक्यावर ते ओझं वागवतात. मान दुखते, झोप लागत नाही, तरी कात्री लावायचा धीर होत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी पुणे जिल्ह्यात आणि राज्यभर अनेक बायकांच्या जटा त्यांच्या संमतीने सोडवल्या. त्यात केस कापायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो मनातली भीती घालवायला, आणि त्यासाठी कार्यकर्त्यांना पुन्हा पुन्हा त्या घरी जाऊन बसावं लागतं.

पायरी पाचवी: थोडा आराम पडतो

अंगारा लावला, दोरा बांधला, उतारा टाकला आणि खरंच बरं वाटू लागलं, असं बरेच जण सांगतात. ते खोटं बोलत नसतात. बरीचशी दुखणी कमी-जास्त होत असतात. आपण बाबाकडे जातो तेव्हा त्रास अगदी शिगेला पोहोचलेला असतो, त्यानंतर तो थोडा उतरणारच असतो. शिवाय कोणीतरी आपलं ऐकून घेतलं, काहीतरी इलाज सुरू झाला, या दिलाशानेही दुखणं हलकं वाटतं.

या पायरीवर पळवाट सुरू होते. नवऱ्याचं दारूचं व्यसन, मुलाचं नैराश्य, डोक्यावरचं कर्ज यांच्याकडे बघायला भीती वाटते. "ग्रह फिरलेत, अमावस्येनंतर ठीक होईल," असं ऐकलं की तो प्रश्न पुढे ढकलता येतो. आजचा दिवस सोपा जातो, पण व्याज चढत राहतं आणि आजार वाढत राहतो. आराम वाटतोय, तेवढ्यातच आपण स्वतःला विचारावं: अडचण कमी झाली, की फक्त तिची धास्ती कमी झाली?

पायरी सहावी: पैसा आणि गुप्तता

सुरुवातीला काहीच मागत नाहीत. मग नारळ-सुपारी, मग छोटी पूजा, मग मोठा विधी. रक्कम एकदम वाढत नाही, म्हणून लक्षात येत नाही. बराच पैसा गेल्यावर आता थांबलो तर आधीचा सगळा वाया गेला असं वाटतं, आणि त्यापायी आणखी दिला जातो. दागिने गहाण पडतात, मोबाइलवरून कर्ज काढलं जातं.

याच वेळी दोन वाक्यं कानावर येतात. पहिलं: "हे घरात कोणाला सांगू नका, नाहीतर फळ मिळणार नाही." दुसरं: "गुण आला नाही, कारण तुमची श्रद्धा कमी पडली." पहिल्याने शहाणा सल्ला देणारं माणूस दूर राहतं. दुसऱ्याने अपयशाचा दोष आपल्यावर येतो. यांतलं एकही वाक्य ऐकू आलं तर तिथेच थांबावं.

पायरी सातवी: उपचार तुटतात

सगळ्यांत धोक्याची पायरी ही. गोळ्या बंद करायला सांगतात. साप चावल्यावर मंत्र टाकत बसतात. साप उतरवणाऱ्याचं नाव का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडचे बरेचसे साप बिनविषारी असतात, त्यांच्या चाव्याने माणूस मरत नाही, आणि श्रेय मात्र मंत्राला मिळतं. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर प्रतिविष हेच औषध आहे आणि मंत्रात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. तातडीने 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रोगी क्वचितच वाचतो.

मनाच्या आजाराचंही तसंच. कानात आवाज येणं, एकटंच बडबडणं, झोप उडणं, जगण्यात रस न उरणं हे बाहेरचं काही नाही, तो आजार आहे आणि त्यावर औषधं आहेत. वाघोलीकरांना येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय याच नगर रस्त्यावरून गाठता येतं. घरातून फोनवर बोलायचं असेल तर सरकारचा टेलिमानस क्रमांक 14416 आहे, तो दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

ही पायरी कुठवर नेते, ते म्हैसाळने दाखवलं. सांगली जिल्ह्यातल्या या गावात जून 2022 मध्ये एकाच कुटुंबातल्या नऊ जणांचे मृतदेह सापडले. आधी सामूहिक आत्महत्या वाटली. पुढे पोलिसांनी मांत्रिक आणि त्याच्या साथीदाराला अटक केली. गुप्तधनाच्या आमिषाने पैसे उकळून, ते परत मागितले जाऊ लागल्यावर विष दिलं, असा पोलिसांचा आरोप आहे. आमिष, भीती आणि गुप्तता एकत्र आल्या की जिवाचाही भरवसा राहत नाही.

ढोंग ओळखायचं कसं

उपदेश आणि व्यवहार शेजारी ठेवून पाहावेत. अमेरिकेत जिम बॅकर नावाचा दूरचित्रवाणीवरचा धर्मोपदेशक श्रद्धेने समृद्धी येते असं सांगायचा. त्याने आपल्या धार्मिक करमणूक-नगरीत दर वर्षी काही रात्री मुक्कामाचा आजन्म हक्क एक हजार डॉलरला विकला. जेवढ्या खोल्या होत्या, त्यांना कधीच पुरणार नाहीत इतके हक्क त्याने विकले आणि त्यातला पैसा स्वतःच्या चैनीत घातला. 1989 मध्ये तो फसवणुकीत दोषी ठरला आणि त्याला 45 वर्षांची शिक्षा झाली, ती नंतर कमी करण्यात आली. पैसे देणारे साधे कष्टकरी आणि म्हातारी माणसं होती.

आता आपल्याकडचे गाडगेबाबा पाहू. 1876 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात त्यांचा जन्म झाला. गावात शिरताच ते आधी झाडू घेत. कोणाला पाया पडू देत नसत, शिष्य करत नसत. कर्ज काढून सण-तेरावं करू नका, नवसाला बकरं कापू नका, मुलांना शाळेत घाला, हे कीर्तनातून सांगत. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या आणि स्वतः ते अंगावर चिंध्या घालून फिरत राहिले.

यावरून चार प्रश्न हाती लागतात. पैशाचा हिशोब खुला आहे का? प्रश्न विचारलेला चालतो का? डॉक्टरकडे जायला सांगतात की अडवतात? आणि त्यांच्याकडे जाऊन माणूस आपल्या पायावर उभा राहतो, की दर आठवड्याला परत यावं लागतं? हे प्रश्न प्रत्येक धर्मातल्या प्रत्येक गादीला विचारता येतात.

बाहेर पडायचं कसं

पहिलं काम: पैसे देणं थांबवावं. बाबाशी वाद घालत बसू नये, धमक्यांना उत्तरं देऊ नयेत. वादातून नवी भीतीच हाती येते.

दुसरं: एका विश्वासाच्या माणसाला सगळं सांगावं. लाज वाटेल, पण गुप्तता तुटली की पकड निम्मी सैल होते. घरात दुसरं कोणी अडकलं असेल तर "तुला अक्कल नाही का" असं बोलू नये, त्याने माणूस पुन्हा तिकडेच जातो. "तुला कशाचा त्रास होतोय?" असं विचारावं आणि खऱ्या अडचणीवर सोबत उभं राहावं. डॉक्टरकडे बरोबर जावं, बँकेत शेजारी बसावं.

तिसरं: पुरावे जपावेत. यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सॲपचे संदेश, आवाजाचे रेकॉर्डिंग, भेटींच्या तारखा लिहिलेला कागद. खायला दिलेली पूड उरली असेल तर ती फेकू नये, पुडीसकट ठेवावी. रागाच्या भरात संदेश पुसून टाकणं, ही इथली नेहमीची चूक.

चौथं: पोलिसांत जावं. डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. तो आपल्या उपयोगाचा आहे, म्हणून त्यात काय आहे ते नीट समजून घेऊ.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्कार दाखवून पैसे उकळणं, अंगात शक्ती असल्याचं भासवून धमकावणं, एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचं जगणं अवघड करणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचारांपासून रोखणं, गर्भाचं लिंग बदलून देण्याचा दावा, दैवी शक्तीने मूल होईल असं सांगून लैंगिक संबंध ठेवणं हे सगळे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड 5,000 ते 50,000 रुपये. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तपास सुरू करू शकतात. तो अजामीनपात्रही आहे, म्हणजे जामीन द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवतं.

काय गुन्हा नाही, तेही कायद्यात लिहिलं आहे. प्रदक्षिणा, वारी, कीर्तन, भजन, व्रत, उपवास, घरातले आणि देवळा-दर्ग्या-चर्चमधले धार्मिक विधी यांना हात लावलेला नाही. शरीराला इजा किंवा आर्थिक नुकसान न करणाऱ्या श्रद्धेला कायद्याची आडकाठी नाही. नुसता ज्योतिष किंवा वास्तूचा सल्लाही या कायद्यात बसत नाही, पण त्यात पैशांची फसवणूक झाली असेल तर फसवणुकीची वेगळी तक्रार करता येते.

तक्रार देताना "मांत्रिकाने फसवलं" एवढंच मोघम सांगू नये. कोण, कुठे, कधी, काय बोलला, किती पैसे घेतले, हे क्रमाने लिहून न्यावं आणि जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव घ्यावं. या कायद्याखाली दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षक नेमलेले असतात, त्यांना भेटायचं आहे असं सांगावं. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी कोणत्याही ठाण्यात गुन्ह्याची माहिती नोंदवता येते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नये. नोंद करून घेतली नाही तर लेखी तक्रार पोलीस आयुक्तांकडे आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवता येते. जीव धोक्यात असेल तर 112 वर फोन करावा.

दुःखाला तोंड देणारी श्रद्धा

धर्माचं नाव घेऊन माणसाला दुःखापासून पळायला शिकवता येतं, तसंच दुःखाला तोंड द्यायलाही शिकवता येतं. दुसऱ्या वाटेचं उदाहरण वाघोलीतच आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीचा भूकंप झाला. भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांनी लातूर-उस्मानाबादमधली सुमारे 1,200 भूकंपग्रस्त मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली आणि वाघोलीत त्यांच्या शिक्षणाचं, पुनर्वसनाचं केंद्र उभं राहिलं. कोणाच्या पापामुळे भूकंप झाला, याची चर्चा करत बसण्याऐवजी त्या मुलांना छप्पर, जेवण आणि शाळा देण्याचं काम झालं.

आपल्या सोसायटीत, वस्तीत हे काम लहान प्रमाणात करता येतं. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची नोकरी गेली आहे, कोण कितीतरी दिवसांत खाली उतरलेलं नाही, याची चौकशी करावी. जवळचा मानसोपचारतज्ज्ञ, सरकारी दवाखाना, 108, 112 आणि 14416 हे क्रमांक सूचनाफलकावर लावावेत. ज्याला वेळेवर शेजारी भेटला, त्याला बाबाकडे जायची गरज पुष्कळदा पडत नाही.